‘मॅचिंग नंबर’ म्हणजे नेमके काय तपासायचे?

वाचकाचे पत्र : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली बरीच वर्षे अमेरिकेत, ओहायो राज्यातील सिनसिनाटीजवळ राहतो. १९६९ ची शेवरोले कॅमॅरो झेड/२८ विकत घेण्याचा माझा विचार आहे. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन गाडीचे मूळचेच आहे, कारण ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर) ३९७००१० हा झेड/२८ चा क्रमांक आहे. ब्लॉकच्या पॅडवर ‘व्ही ०५२९ डीझेड’ हा शिक्का आणि गाडीचा क्रमांकही (कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक) दिसतो. मात्र तिथल्या पृष्ठभागावर गोलाकार ओरखडे आहेत. इंजिन उघडले तेव्हा फेसिंग केले (पृष्ठभाग तासून सपाट केला) आणि पुसले गेलेले क्रमांक पुन्हा ठोकले, असे तो सांगतो. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख ‘ई १४ ९’ आहे, एका हेडची (सिलिंडरांवर बसणाऱ्या भागाची) ‘ई ८ ९’ आणि दुसऱ्या हेडची ‘के ६ ९’. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर नंतरचे आहेत. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि प्रवासी यांमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर ‘०६बी’ आणि ‘एक्स७७’ असे आहे. हे इंजिन मूळ मानावे का? नसलेले भाग कोणत्या क्रमांकाचे शोधावेत? ओळखीचे एक मशीन शॉप दुसऱ्या ब्लॉकवर हवे ते क्रमांक ठोकून द्यायला तयार आहे; गाडी मला विकायची नसल्यामुळे त्यात गैर काय?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण बहुतेक जण पैसे मोजून झाल्यावर विचारतात ते प्रश्न तुम्ही आधी विचारले आहेत आणि तारखाही नीट टिपून पाठवल्या आहेत. त्या तारखांमध्येच तुमच्या बऱ्याच शंकांची उत्तरे आहेत. ‘मॅचिंग नंबर’ म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स अशा मुख्य भागांवरचे क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळणे, म्हणजेच ते भाग कारखान्यातून तिच्याबरोबर आलेले असणे.

पहिल्यांदा ३९७००१० या क्रमांकाबद्दल. हा ओतकामाचा, म्हणजे कास्टिंगचा क्रमांक आहे. तो साच्यातच कोरलेला असतो आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक ब्लॉकवर उमटतो. १९६९ च्या झेड/२८ मध्ये हा ब्लॉक वापरला गेला हे खरे आहे. त्याच वर्षी ३९३२३८६ आणि ३९५६६१८ या क्रमांकांचे ब्लॉकही तिच्यात बसवले गेले. पण ३९७००१० हाच ब्लॉक ३५० घनइंचाच्या असंख्य साध्या इंजिनांसाठी, मालवाहू गाड्यांसाठीसुद्धा, १९७९ पर्यंत ओतला जात होता. याचे कारण झेड/२८ च्या जन्मकथेत आहे. अमेरिकेतील ट्रान्स-ॲम या मोटार शर्यतींत इंजिनाच्या आकारमानाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती. त्या मर्यादेत बसण्यासाठी शेवरोलेने ३२७ इंजिनाच्या ४ इंची बोअरमध्ये (सिलिंडरचा व्यास) २८३ इंजिनाचा ३ इंची स्ट्रोक (पिस्टनची चाल) घातला आणि ३०२ घनइंचांचे इंजिन तयार केले. ३५० चा बोअरही ४ इंचच असल्यामुळे एकच ओतीव ब्लॉक दोघांना चालत असे. फरक पडतो तो आत बसवलेल्या क्रँकशाफ्टमुळे आणि पिस्टनांमुळे. कास्टिंग क्रमांक हे आडनावासारखे असते. त्यावरून घराणे कळते, समोरची व्यक्ती कोण ते कळत नाही. म्हणून ‘ब्लॉक ०१० आहे म्हणजे झेड/२८ चा आहे’ हे विक्रेत्याचे विधान तुम्ही पुरावा म्हणून धरू नये.

ओतकामाच्या तारखेचेही तसेच आहे. ‘ई १४ ९’ यातील ई हे महिन्यांच्या क्रमातले पाचवे अक्षर, म्हणजे मे. १४ ही तारीख आणि ९ हा वर्षाचा शेवटचा अंक. या अंकाने दशक कळत नाही. ०१० ब्लॉक १९७९ पर्यंत ओतला गेल्यामुळे हाच ‘९’ १९६९ चाही असू शकतो आणि १९७९ चाही. एरवी हा गुंता इंजिनाच्या शिक्क्याने सुटतो. १९६९ पर्यंत शेवरोलेच्या इंजिनांना दोन अक्षरी सांकेतिक शब्द असत आणि १९७० पासून ते तीन अक्षरी झाले, त्यामुळे मूळ शिक्क्यातील डीझेड ही जोडी १९६९ च्या ३०२ इंजिनाकडेच बोट दाखवते. तुमच्या बाबतीत नेमका हा शिक्काच संशयाखाली आहे आणि खरी मेख तिथे आहे.

पॅड म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाचा पुढे आलेला तुकडा. तो उजव्या, म्हणजे प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढच्या टोकाशी असतो. १९६९ मध्ये ऑल्टरनेटर त्याच बाजूला आल्यामुळे तो पाहण्यासाठी थोडी कसरत करावी लागते. कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोचिंग यंत्राने तासला जाई आणि त्यामुळे इंजिनच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेषा त्यावर राहत. शिक्का या रेषांवरच ठोकला जाई. नंतर एखाद्या मशीन शॉपमध्ये फिरत्या कटरने फेसिंग केले की या रेषा जातात आणि त्यांच्या जागी गोलाकार ओरखडे येतात. तुम्ही पाहिलेले ओरखडे तेच आहेत. म्हणजे आज तिथे दिसणारी अक्षरे फेसिंगनंतर ठोकली गेली आहेत. विक्रेत्यानेही ते मान्य केले आहे, आणि त्याबद्दल त्याला श्रेय दिले पाहिजे.

मात्र यावरून तो खोटे बोलतो आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. एके काळी या गाड्या केवळ जुन्या गाड्या होत्या. शिक्क्याला पुढे एवढे मोल येईल याची कल्पना नसलेल्या मेकॅनिकांनी प्रामाणिकपणे इंजिने उघडली, ब्लॉक तासले आणि क्रमांक पुसून टाकले. प्रश्न त्याच्या हेतूचा नसून पुराव्याचा आहे. पुन्हा ठोकलेला शिक्का ही फक्त ठोकणाऱ्याची साक्ष असते, कारखान्याची नसते. तेव्हा तो शिक्का अस्तित्वातच नाही असे समजून तुम्ही इतर साक्षी गोळा करायला हव्यात.

त्यातली पहिली साक्ष ब्लॉकवरच मिळू शकते. १९६९ मध्ये गाडीच्या क्रमांकाचा संक्षेप काही ब्लॉकांच्या पॅडवर, तर काहींच्या डाव्या बाजूला ऑइल फिल्टरजवळ ठोकलेला आढळतो. त्या संक्षेपात १ हा शेवरोलेचा अंक, ९ हा वर्षाचा अंक, ओहायोतील नॉरवूडच्या कारखान्यातल्या गाडीसाठी एन किंवा कॅलिफोर्नियातील व्हॅन नाईसच्या गाडीसाठी एल, आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक असतो. फिल्टरजवळच्या जागेला फेसिंगचा कटर लागत नाही. तिथला तेलकट थर सॉल्व्हंट आणि मऊ ब्रशने काढा. वायर ब्रश किंवा सँडपेपर मुळीच लावू नका. तिथे तुमच्या गाडीचा क्रमांक निघाला, तर पॅडवर काय आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. जुन्या मालकाकडे फेसिंगपूर्वीचा पॅडचा फोटो असेल, तर तोही मागून घ्या. एक गोष्ट ध्यानात ठेवा : इंजिनचा शिक्का मिशिगनमधील फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात बसे (‘व्ही’ हे त्याचेच अक्षर), तर गाडीचा क्रमांक नंतर जुळणी कारखान्यात. दोन जागा, दोन हात आणि दोन वेगळी हत्यारे असल्यामुळे या दोन ओळींचा आकार, खोली आणि रेष सहसा वेगवेगळी दिसते. दोन्ही ओळी एकाच वळणाच्या अक्षरांत आणि एका रेषेत नीटनेटक्या बसलेल्या असतील, तर त्या एकाच वेळी ठोकल्या गेल्या असण्याची शक्यता जास्त.

दुसरी साक्ष गिअरबॉक्सची. झेड/२८ ला चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्सच येत असे आणि त्याच्या केसिंगवरही गाडीच्या क्रमांकाचा संक्षेप ठोकलेला असतो. शेजारी ‘पी ९ ई २२ बी’ अशा धर्तीची स्वतंत्र तारीख असते : पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, ई म्हणजे मे, नंतर दिनांक, आणि शेवटचे अक्षर प्रकाराचे, ए म्हणजे एम-२०, बी म्हणजे एम-२१, सी म्हणजे एम-२२. गिअरबॉक्स मूळचा ठरला म्हणून इंजिनही मूळचे ठरत नाही, पण एकाच गाडीचा एवढा मोठा भाग पन्नास वर्षे तिच्याबरोबर राहिला आहे हे समजते.

तिसरी साक्ष कागदपत्रांची. गाडीच्या पूर्ण क्रमांकावरून ती झेड/२८ आहे की साधी व्ही-८ कॅमॅरो आहे हे कळत नाही. १२४ या सुरुवातीने फक्त व्ही-८ असल्याचे समजते. १९६९ मध्ये सुमारे २,४३,००० कॅमॅरो तयार झाल्या आणि त्यांतल्या २०,३०२ झेड/२८ होत्या. साध्या गाडीला झेड/२८ चे रूप देण्याचा मोह का होतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल. फोर्डची गोष्ट वेगळी आहे. त्या काळातील मस्टँगच्या क्रमांकातील पाचवे अक्षरच इंजिन सांगते (बॉस ३०२ साठी जी), त्यामुळे तिथे निदान गाडीच्या जातीबद्दल वाद राहत नाही. तुमच्या बाबतीत ‘एक्स७७’ ही खूण मोलाची आहे. नॉरवूडच्या कारखान्यात डिसेंबर १९६८ पासून फायरवॉलवरील पट्टीवर हे संकेत येऊ लागले. एक्स७७ म्हणजे साधी सजावट असलेली झेड/२८ आणि एक्स३३ म्हणजे जादा सजावटीची. ‘०६बी’ म्हणजे जूनचा दुसरा आठवडा. पट्टीचे रिव्हेट मूळचे आहेत का आणि पट्टीभोवतीच्या रंगात काही काटछाट दिसते का, तेही पाहा, कारण बनावट पट्ट्याही मिळतात. वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची छोटी पट्टी जपली गेली असेल, तर तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे संकेत उठवलेले असतात. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही; विक्रेत्याला जरूर विचारा.

आता तारखांची साखळी पाहू. शिक्क्यातील ०५२९, म्हणजे २९ मे, खरा धरला तर ब्लॉक १४ मे रोजी ओतला, इंजिन २९ मे रोजी जुळले आणि बॉडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तयार झाली. हा क्रम अगदी स्वाभाविक आहे. ओतकाम आधी, इंजिनची जुळणी नंतर, गाडी त्याहून नंतर, आणि दोन टप्प्यांमध्ये काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचे अंतर : मूळ भागांची तारीख याच वाटेने जाते. ‘ई ८ ९’ चे हेड, म्हणजे ८ मे चे, या साखळीत बरोबर बसते. ‘के ६ ९’ मात्र बसत नाही. के म्हणजे नोव्हेंबर, आणि ६ नोव्हेंबर १९६९ रोजी ओतलेले हेड जूनमध्ये तयार झालेल्या गाडीत कारखान्यातून येणे शक्य नाही. ते नंतर बदलले आहे, एवढे आपण निःशंकपणे म्हणू शकतो.

हेड बदललेले असल्याचे दुःख फार करू नका. शर्यतीच्या तालमीत वाढलेले हे इंजिन होते, ११:१ कॉम्प्रेशनचे आणि सॉलिड टॅपेटचे. त्याची हेडे, पिस्टन आणि व्हॉल्व्ह मालकांनी मनसोक्त वापरले. हे हेड बदलायचे ठरवले, तर ३९२७१८६ या कास्टिंगचे, साधारण मार्चअखेर ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या तारखेचे शोधा. कास्टिंग क्रमांक आणि तारीख रॉकर कव्हरखाली असते, त्यामुळे कव्हर उघडून दाखवल्याशिवाय कोणतेही हेड घेऊ नका. दोन गोष्टींत माणूस फसतो. एक म्हणजे, हीच १८६ हेडे ३०० अश्वशक्तीच्या ३५० इंजिनावरही आली आणि त्यांचे इनटेक व्हॉल्व्ह १.९४ इंचांचे होते. झेड/२८ चे २.०२ इंचांचे. लहान व्हॉल्व्हची हेडे पुढे मशीन शॉपमध्ये मोठी करून घेण्याची पद्धत होती, म्हणून व्हॉल्व्हचे माप बरोबर आले तरी सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती, जागा पाहून घ्यावी. दुसरी गोष्ट, १९६८ चे ३९१७२९१ हे हेड दिसायला जवळपास सारखेच असते, पण १९६९ मध्ये ऑल्टरनेटरच्या ब्रॅकेटसाठी हेडच्या टोकाला आलेली बोल्टची छिद्रे त्याला नसतात. विक्रेता ‘एका वर्षाने काय फरक पडतो’ म्हणाला, तर ती छिद्रे दाखवा.

हेड उतरवाल तेव्हा एक काम अवश्य करा. पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत किती चालतो ते मोजा. ३०२ मध्ये हा स्ट्रोक ३ इंच, म्हणजे ७६.२ मिलिमीटर असतो. ३५० मध्ये ३.४८ इंच, म्हणजे सुमारे ८८.४ मिलिमीटर. एवढ्या मोठ्या फरकात चूक होण्याची शक्यताच नाही, आणि ‘डीझेड’ लिहिलेल्या ब्लॉकमध्ये ३५० चे पोट नाही याची खात्री होते. ऑइल पॅन काढायची वेळ आली, तर मेन बेअरिंगच्या कॅपना चार बोल्ट आहेत ना ते बघा (१९६९ च्या ३०२ ला ते होते), आणि क्रँकशाफ्टवरील साच्याची खूण रुंद आणि चपटी आहे ना तेही पाहा, कारण घडीव क्रँकची खूण तशी असते; ओतीव क्रँकवर ती बारीक रेषेसारखी दिसते.

गहाळ भागांपैकी कार्बोरेटर होली (Holley) कंपनीचा हवा, लिस्ट क्रमांक ४०५३. हा क्रमांक वरच्या हवानळीवर ठोकलेला असतो आणि त्याखाली तीन आकडी तारीख असते : पहिला अंक वर्षाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा आठवड्याचा. तुमच्या इंजिनसाठी ‘९४३’ म्हणजे १९६९ च्या एप्रिलचा तिसरा आठवडा, किंवा त्याच्या आसपासचे काहीही उत्तम. चार आकडी तारीख दिसली, तर ते नंतरच्या काळातले आहे, मग विक्रेता काहीही सांगो. हवानळी हा सुटा होणारा भाग असल्यामुळे खऱ्या हवानळीखाली भलतीच बॉडी बसवलेली कार्बोरेटरे बाजारात फिरतात, म्हणून बॉडी, मीटरिंग ब्लॉक आणि थ्रॉटल प्लेटही तपासा. डिस्ट्रिब्युटर डेल्को-रेमीचा, क्रमांक ११११४८०, आणि त्याच्या केसिंगवर ‘९ ई ५’ अशा रूपातली तारीख. इथे वर्ष आधी येते, मग महिना, मग दिवस. इनटेक मॅनिफोल्डबद्दल तुम्ही लिहिले नाही, पण तो ॲल्युमिनिअमचा, ३९३२४७२ क्रमांकाचा असायला हवा. त्यावर विंटर्स फाउंड्रीची हिमकणाची खूण आणि ओतकामाची तारीख असते. ती तारीखही २९ मेच्या आधीचीच हवी.

हे भाग शोधताना घाई करू नका. क्रमांक आणि तारीख दोन्ही जुळलेला कार्बोरेटर महाग असतो. क्रमांक जुळलेला पण तारीख चार-सहा महिने मागेपुढे असलेला पुष्कळ स्वस्त मिळतो आणि गाडी तितकीच सुरेख चालवतो. माझ्या मते गाडी चालवण्यासाठी घेणाऱ्याने आधी दुसरा घ्यावा, आणि बरोबर तारखेचा मिळेल तेव्हा तो घेऊन ठेवावा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : दुसऱ्या ब्लॉकवर क्रमांक ठोकून घेऊ नका. गाडी विकायची नाही असे तुम्ही आज म्हणता, पण ती तुमच्यानंतरही राहील. तुमच्या मुलांना किंवा त्यांच्यानंतरच्या मालकाला तो शिक्का कारखान्याचाच वाटेल आणि ते तो तसाच पुढे सांगतील. शिवाय अमेरिकेच्या संघीय कायद्यात गाडीच्या ओळख क्रमांकाशी छेडछाड करणे हा गुन्हा आहे. ब्लॉकवर दुसऱ्या गाडीचा क्रमांक असताना तो पुसण्याचा विचारसुद्धा करू नये. मूळ ब्लॉक नसेल, तर योग्य तारखेचा, कोरा किंवा स्वतःच्या खऱ्या शिक्क्याचा ब्लॉक लावा आणि तसे कागदावर लिहून ठेवा. यासाठी कारखान्याचाच एक दाखला आहे. वॉरंटीत इंजिन बदलून दिले की शेवरोले त्या ब्लॉकवर ‘सीई’ ही अक्षरे ठोकत असे. शर्यतींत पळवलेल्या अनेक झेड/२८ मध्ये असे ब्लॉक आहेत, आणि त्यांचे मालक ते लपवत नाहीत.

आता खरेदीबद्दल. दर ठरवण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन फोटो मागवा : ऑइल फिल्टरजवळच्या जागेचा, गिअरबॉक्सच्या केसिंगवरील क्रमांकाचा आणि प्रोटेक्ट-ओ-प्लेट असेल तर तिचा. फिल्टरजवळ गाडीचा क्रमांक निघाला, तर ब्लॉक मूळचा माना आणि एक हेड बदललेले असल्याचे लक्षात घेऊन बोलणी करा. तिथे काहीच नसेल, पण गिअरबॉक्सचा क्रमांक जुळत असेल, तर ‘खरी झेड/२८, योग्य तारखेचे पण अप्रमाणित इंजिन’ या भावाने घ्या आणि विक्रीपत्रात ‘पॅडवरील शिक्का पुन्हा ठोकलेला आहे’ हे वाक्य विक्रेत्याकडून लिहून घ्या. त्याने तोंडी मान्य केलेच आहे, तेव्हा लिहून द्यायला त्याची हरकत नसावी. फिल्टरजवळच्या किंवा गिअरबॉक्सच्या क्रमांकांपैकी एखादा दुसऱ्याच गाडीचा निघाला, तर ‘मॅचिंग नंबर’ची किंमत मुळीच देऊ नका, आणि तो क्रमांक चोरीच्या गाडीचा नाही ना, याची पोलिसांकडून खातरजमा झाल्याशिवाय आगाऊ रक्कमही देऊ नका.